मुक्काम एक, पोस्ट दुसरे

पाकिटावरचा पत्ता हा मराठी गद्याचा एक प्रकार आहे असे म्हटले तर हसू येईल. पण 'मु. अमुक, पो. तमुक, ता. बारामती, जि. पुणे' ही ओळ सावकाश वाचली की तिच्यात दोन निराळी विधाने एकत्र सांधलेली दिसतात. मुक्काम, तालुका, जिल्हा ही एकाभोवती एक मोठी होत जाणारी वर्तुळे आहेत. माणूस कुठे राहतो ते ती सांगतात. 'पोस्ट' हे त्या वर्तुळांपैकी नाही. या माणसाच्या वतीने कोणत्या कचेरीला विचारायचे, एवढेच ते सांगते. गावात टपालकचेरी नसेल तर मुक्काम एक आणि पोस्ट दुसरे. दोन्ही एकच असले की ती अक्षरे 'मु. पो.' अशी चिकटतात आणि भेद दिसेनासा होतो. आपल्या बहुतेकांच्या डोळ्यांना तो दिसेनासाच झालेला आहे.

संगणकांच्या जाळ्यात हाच भेद दर सकाळी नव्याने उभा राहतो. मी कोण ते मी सांगितले, पण माझी नोंद कोणाकडे आहे? यंत्राला या प्रश्नाचे उत्तर आधीच लिहून देणे, म्हणजे क्लायंटला एका विशिष्ट डिरेक्टरी सर्व्हरकडे वळवणे, हा या लेखाचा विषय आहे. तो तंत्रज्ञांचा विषय समजला जातो. मला तो भाषेचा आणि वाचनाचा वाटतो, आणि तसाच तो इथे तपासायचा आहे.

आधी व्यवहार समजून घेऊ. डिरेक्टरी सर्व्हिस म्हणजे संस्थेची सामाईक नोंदवही. तीत माणसे, यंत्रे, गट आणि ज्याचे त्याचे अधिकार लिहिलेले असतात. शंभर संगणक असलेल्या एखाद्या महाविद्यालयात आपण कुठल्याही यंत्रासमोर बसून नाव आणि पासवर्ड टाकतो तेव्हा ते यंत्र आपल्याला ओळखत नसते. ते वही सांभाळणाऱ्या दुसऱ्या यंत्राला विचारते आणि त्याने होकार दिला की दार उघडते. विचारणारा तो क्लायंट, वही सांभाळणारा तो सर्व्हर. या वहीचा आंतरराष्ट्रीय नमुना १९८८ साली एक्स. ५०० या नावाने ठरला. तो इतका जड होता की १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील टिम हाउझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्याशी बोलण्याची सोपी रीत बसवली. तिचे नाव एलडॅप. त्यातला पहिला 'एल' हा 'लाइटवेट'चा, म्हणजे हलकेपणाचाच. त्याच वर्षी नॉव्हेल कंपनीने नेटवेअर ४ बरोबर आपली वही आणली, आणि २००० साली विंडोज २००० बरोबर मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली. इतिहास एवढा पुरे.

वाचायला खरी रंजक आहे ती नेटवेअरच्या दिवसांतली एक छोटी फाइल. 'नेट डॉट सीएफजी' असे तिचे नाव. त्या काळी यंत्र चालू झाले की जाळ्यावर मोठ्याने हाक घाली: सर्वांत जवळचा सर्व्हर कोण? या हाकेचे अधिकृत नावच 'गेट निअरेस्ट सर्व्हर' असे होते. पण जवळ-लांब असे काही मोजले जात नसे. जो आधी ओ देई तो जवळचा ठरे. हातातले काम टाकून चटकन ओ देणारा सर्व्हर आणि आपली नोंद खरोखर ज्याच्याकडे आहे तो सर्व्हर, हे दोघे एकच असतील याची काही हमी नव्हती. म्हणून त्या फाइलीत एक ओळ लिहिण्याची सोय होती: 'प्रिफर्ड सर्व्हर', बरोबरचे चिन्ह, आणि पुढे नाव. ही ओळ असली की यंत्र पहिल्या ओ देणाऱ्याला फक्त वाट विचारी आणि मग लिहिलेल्या नावाकडे जाई.

'प्रिफर्ड' या शब्दाची निवड मला फार चोख वाटते. तो 'फक्त' म्हणत नाही. याचा मराठी अनुवाद 'निर्धारित सर्व्हर' किंवा 'प्राधान्यक्रमित सर्व्हर' असा कोणी केला तर अर्थ अर्धा मेला असे समजावे. मराठीत यासाठी एक घरगुती शब्द आहे, 'शक्यतो'. शक्यतो याला विचार. 'शक्यतो' या शब्दात इच्छा आहे, क्रम आहे आणि अडचण आली तर दुसरे दार ठोठावण्याची परवानगीही आहे.

अनुवादाचा मुद्दा निघालाच आहे तर 'क्लायंट'चेही पाहू. हिंदी-मराठी तांत्रिक मजकुरात याला 'ग्राहक' म्हटलेले आढळते, सर्व्हरला 'सेवादाता' किंवा 'सेवक', डिरेक्टरीला 'निर्देशिका'. ग्राहक हा विकत घेतो. तो दुकान बदलू शकतो. मूळ लॅटिन शब्दात विकत घेणे नव्हतेच. प्राचीन रोममध्ये एखाद्या बड्या माणसाच्या छत्राखाली राहणारा, सकाळी त्याच्या दारी मुजऱ्याला जाणारा आणि अडचणीत त्याच्याच तोंडाकडे पाहणारा माणूस म्हणजे क्लायंट. आपल्याकडे त्याला 'आश्रित' म्हणत. बारामतीच्या वाचकाला याचा दाखला दूर शोधायला नको. मोरोपंत (१७२९ ते १७९४) पन्हाळ्याहून येऊन बारामतीत स्थिरावले ते पेशव्यांचे सोयरे बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने, त्यांचे पुराणिक म्हणून. पंतांचा मुक्काम आणि पंतांचे 'पोस्ट' दोन्ही एका वाड्याशी बांधलेले होते. जाळ्यातला संगणक सकाळी वहीवाल्याच्या दारात उभा राहतो तो असाच, आश्रितासारखा. 'ग्राहक' म्हटल्याने त्याला एक खोटी ऐट मिळते आणि तो कशावर अवलंबून आहे हे वाचकापासून लपते. मी स्वतः 'क्लायंट' हाच शब्द ठेवीन. वाईट अनुवादापेक्षा परका शब्द बरा, कारण परक्या शब्दाचा अर्थ माणूस निदान विचारतो तरी.

पण मुळात एका ठरावीक सर्व्हरचे नाव लिहावेच का लागते? वही एकच असेल तर कोणालाही विचारले म्हणून काय बिघडले? इथे पोथ्यांच्या अभ्यासकाला तत्काळ ओळखीचे काही भेटेल. वही एकच असते, पण तिच्या प्रती अनेक असतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एका संस्थेच्या वहीच्या प्रती अनेक सर्व्हरांवर ठेवलेल्या असतात आणि साधारणपणे कोणत्याही प्रतीत नोंद बदलता येते. बदल मग एका प्रतीतून दुसरीत नकलला जातो. एका ठिकाणच्या सर्व्हरांत हे काही सेकंदांत होते. दोन निरनिराळ्या ठिकाणांमध्ये मात्र ही नक्कल, मुद्दाम बदलले नाही तर, दर १८० मिनिटांनी होते. समजा एखाद्या संस्थेचे मुख्यालय पुण्यात आणि शाखा बारामतीत आहे. पुण्यात सकाळी ११ वाजता एका नव्या मुलीचे खाते उघडले. बारामतीची प्रत दुपारी २ वाजेपर्यंत सांगू शकते की अशी मुलगीच नाही. दोन्ही प्रती प्रामाणिक आहेत. एकीचा पाठ अजून जुना आहे, एवढेच.

शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले ते पाठ बिघडले होते म्हणून. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतक महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती कोणता पाठ कोणत्या पोथीत आहे हे नोंदवीत. त्या सगळ्या खटाटोपाचा पाया एका साध्या शिस्तीवर आहे: 'महाभारतात असे आहे' असे म्हणायचे नाही, 'अमुक प्रतीत असे आहे' असे म्हणायचे. बिघाड शोधणारा जाणता तंत्रज्ञ हेच करतो. तो आपल्या क्लायंटला आधी एका सर्व्हरकडे वळवतो, तोच प्रश्न विचारतो, मग दुसऱ्याकडे वळवतो आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवतो. पाठभेद सापडला की दुखणे सापडले. फरक एवढाच की पोथ्यांच्या प्रती काळ जाईल तशा एकमेकींपासून दूर जातात, आणि वहीच्या प्रती, यंत्रणा धड असेल तर, एकमेकींजवळ येतात. दोन दिवसांनंतरही पाठभेद उरला तर काहीतरी मोडले आहे. कोणत्या प्रतीला विचारले हे माहीत नसलेल्या तंत्रज्ञाला हे कधीच कळत नाही; त्याला 'कधी चालते, कधी चालत नाही' एवढेच दिसते.

प्रत हे एक कारण झाले. दुसरे विश्वासाचे, आणि ते अधिक गंभीर आहे. जो आधी ओ देईल त्याला आपले नाव आणि पासवर्ड सांगायचा, ही रीत कशी वाटते? एलडॅपची साधी विचारणा ३८९ क्रमांकाच्या पोर्टवरून जाते आणि वेगळी तजवीज केली नसेल तर तिच्यातला पासवर्ड उघडाच जातो. ६३६ वरून ती झाकून नेता येते. तेव्हा सर्व्हर आपली ओळख पटवणारे प्रमाणपत्र दाखवतो, आणि क्लायंटच्या फाइलीत लिहिलेले नाव व प्रमाणपत्रावरचे नाव जुळते का ते पाहिले जाते. म्हणजे नाव लिहिणे हा इथे नुसता दिशादर्शक राहत नाही. ती साक्ष होते. फाइलीत नावाऐवजी नुसता आकडी पत्ता लिहिला तर जुळणी बहुधा फसते, कारण प्रमाणपत्रावर सहसा नाव असते, आकडे नसतात. मग वैतागलेला माणूस एक भलतीच ओळ लिहितो. लिनक्सच्या यंत्रांवर एलडॅपच्या फाइलीत प्रमाणपत्र किती काटेकोर तपासायचे हे सांगणारी एक ओळ असते. तिच्यापुढे तो 'नेव्हर' लिहून मोकळा होतो. काम चालू होते. पण या एका शब्दाने वरची सगळी ओळ रद्द झाली. नाव लिहिले आहे, मात्र त्या नावाने कोणीही उत्तर दिले तरी चालेल असेही लिहिले आहे. सबंध मजकुराचा अर्थ उलटवणारे इतके छोटे क्रियाविशेषण साहित्यात क्वचित सापडेल.

विश्वासू वहीवाला नेमका कोण, हे ठरवण्याची आपली जुनी व्यवस्था इथे आठवते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यांच्या नोंदी असलेल्या वह्या आहेत, गाव आणि आडनाव यांनुसार लावलेल्या. बारामती किंवा इंदापूरकडचा माणूस तिथे उतरला की समोर येणारा पहिला उपाध्या विचारतो: गाव कोणते, आडनाव काय? त्याची स्वतःची वही नसेल तर तो सांगतो, तुमचे उपाध्ये अमुक, तिकडे जा. एलडॅपमध्ये याला 'रेफरल' म्हणतात: नोंद माझ्याकडे नाही, त्या सर्व्हरला विचार. यात्रेकरू पहिल्याचे ऐकतो, पण त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवत नाही. दुसऱ्याने वही उघडून आजोबा-पणजोबांची नावे वाचून दाखवली की मगच त्याची खात्री पटते. ती वाचून दाखवलेली नावे म्हणजे त्या उपाध्यायाचे प्रमाणपत्र. तिथे 'नेव्हर' लिहिण्याची सोय नाही.

आता पत्त्याकडे परत. एलडॅपच्या वहीत प्रत्येक नोंदीला एक लांब नाव असते, आणि त्याची मांडणी आपल्या पाकिटासारखीच लहानाकडून मोठ्याकडे जाते: आधी माणूस, मग विभाग, मग संस्था, मग देश. क्लायंटच्या फाइलीतही दोन गोष्टी लिहाव्या लागतात. एक ओळ सांगते कोणत्या सर्व्हरला विचारायचे. दुसरी, जिला 'बेस' म्हणतात, ती सांगते वहीच्या कोणत्या फांदीपासून शोधायला लागायचे. पोस्ट आणि मुक्काम! सर्व्हर बरोबर आणि बेस चुकीचा असेल तर सर्व्हर नम्रपणे सांगतो, अशी नोंद नाही. नवशिका सर्व्हरला दोष देतो. त्याच्या मनात या दोन ओळी 'मु. पो.'सारख्या चिकटलेल्या असतात.

त्या वेगळ्या असू शकतात हे जळोचीला अनुभवाने ठाऊक असावे. जळोची हे बारामतीला लागून असलेले गाव. बाजार समितीच्या उपबाजारामुळे आसपासच्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेले. हद्दवाढीत ते बारामती नगरपरिषदेत आले. घरे जागच्या जागी राहिली. पण जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टी, दाखले यांसाठी ग्रामपंचायतीकडे जाणाऱ्या माणसाला आता नगरपरिषदेकडे जायचे झाले. तंत्रज्ञाच्या भाषेत, नोंद एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर हलवली गेली. ज्या नोंदीचे नाव हाच तिचा पत्ता आहे, ती हलली की तिचे नावच बदलते, आणि जुन्या नावाने शोधणाऱ्याला ती सापडत नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीने यावर तोड म्हणून प्रत्येक नोंदीला एक अर्थहीन लांब क्रमांकही दिला. नोंद कुठेही हलो, तो बदलत नाही. पत्त्याने ओळखणे आणि क्रमांकाने ओळखणे यांतला हा झगडा संगणकाने निर्माण केलेला नाही.

पिनकोडमध्ये तो आणखी मजेदार होतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या पद्धतीचे कर्ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृतचे कवी. छंदाच्या मात्रा मोजणाऱ्या माणसाने देशाला सहा आकड्यांत बसवले ही गोष्ट आपल्या समीक्षेने अजून म्हणावी तशी मनावर घेतलेली नाही. या सहांपैकी पहिले तीन आकडे पत्र कोणत्या वर्गवारी जिल्ह्याकडे पाठवायचे ते सांगतात आणि शेवटचे तीन टपालकचेरी. बारामतीचा पिन ४१३१०२, इंदापूरचा ४१३१०६, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या विद्यानगरीचा ४१३१३३. पुणे शहराचे पिन ४११ने सुरू होतात. ४१३ ही सोलापूरची ओळख आहे, आणि तीच लातूर, धाराशिवकडेही (पूर्वीचे उस्मानाबाद) जाते. म्हणजे महसुलाच्या वहीत बारामती पुण्याच्या फांदीवर, टपालाच्या वहीत सोलापूरच्या. दोन्ही वह्या बरोबर आहेत, कारण त्या निराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. टपालाच्या माणसाने जिल्हा पाहून गाडी भरली असती तर चुकला असता. त्याला बेस वाचायचा नव्हता, सर्व्हर वाचायचा होता.

एकाच सर्व्हरचे नाव कोरून ठेवण्यात धोका आहे, तोही सांगायला हवा. तो सर्व्हर जुना होऊन काढला गेला, की शेजारी तीन धडधाकट सर्व्हर चालू असताना ही यंत्रे मात्र दारात ताटकळत राहतात. नाव लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. म्हणून ॲक्टिव्ह डिरेक्टरीत सहसा नाव लिहीत नाहीत. क्लायंट जाळ्याच्या नामसूचीत, डीएनएसमध्ये, अशा सर्व्हरांची यादी शोधतो, आणि आपला आकडी पत्ता कोणत्या ठिकाणात मोडतो त्यावरून जवळचा निवडतो. यात 'जवळचा' हा शब्द पुन्हा अर्थपूर्ण झाला, पण ठिकाणांचा नकाशा कोणीतरी नीट भरला असेल तरच. नव्या शाखेची नोंद त्या नकाशात राहून गेली तर बारामतीचे यंत्र खुशाल लांबच्या एखाद्या शहराला विचारत बसेल. लिनक्सकडच्या एसएसएसडी या प्रणालीत दोन्ही रीती एका ओळीत लिहिता येतात: आधी या नावाच्या सर्व्हरला विचार, आणि तो नसेल तर यादीत शोध. माझ्या मते हीच सर्वांत शहाणी ओळ. ती 'शक्यतो' म्हणते.

आता ज्या वाक्यासाठी हा सगळा खटाटोप आहे त्याकडे येतो. 'सर्व्हर डाऊन आहे.' गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांच्या खिडक्यांवर हे वाक्य इतके ऐकू येते की त्याला म्हणीची कळा आली आहे. वाक्य म्हणून ते निकृष्ट आहे. कोणाचा सर्व्हर? कोणती वही? वहीच मिळत नाही, की वही आहे पण खिडकीवरच्या माणसाची स्वतःची ओळख पटत नाही? की त्याचे यंत्र काढून टाकलेल्या सर्व्हरचे नाव घट्ट धरून बसले आहे? या तिन्ही गोष्टी अगदी निराळ्या आहेत. पहिलीत थांबण्याशिवाय उपाय नसतो, तिसरीत एक ओळ बदलून काम होते. हे वाक्य तिन्हींवर एकच चादर ओढते, आणि दाखल्यासाठी मजुरी बुडवून आलेला माणूस 'उद्या या' ऐकून परत जातो. 'पाऊस पडला'सारखे हे कर्ता नसलेले वाक्य आहे; ते ऐकणाऱ्याला प्रश्न विचारता येत नाही.

दोष खिडकीवरच्या माणसाचा नाही. त्याच्या पडद्यावर आलेला संदेश इंग्रजीत असतो, आणि मराठीत आला तर 'निर्देशिका सेवेशी संपर्क स्थापित होऊ शकला नाही' अशा थाटात. म्हणजे इंग्रजीत नाही एवढेच. शासनाला जिवंत शब्द सुचत नाहीत असेही नाही. महसूल खात्याने फेरफाराच्या नोटिसा ऑनलाइन दाखवणाऱ्या सोयीला 'आपली चावडी' हे नाव दिले, आणि काय आहे ते कोणाला समजावून सांगावे लागले नाही. वही, दप्तर, प्रत, चावडी, शक्यतो, 'तिकडे विचारा': या व्यवहाराला लागणारे जवळजवळ सगळे शब्द आपल्याजवळ आहेत. 'पुण्याची वही लागत नाही, इथल्या प्रतीत बघतो' हे वाक्य कोणताही कारकून म्हणू शकेल, आणि ऐकणारा लगेच विचारेल, इथली प्रत कधीची आहे? हा प्रश्न विचारला जाणे मला महत्त्वाचे वाटते.

ऑनलाइन अर्जांत हल्ली पत्त्यासाठी चौकटी असतात: पहिली ओळ, दुसरी ओळ, शहर, राज्य, पिन. पोस्टासाठी निराळी चौकट बऱ्याच ठिकाणी राहिलेली नाही. तरी भरणारे लोक पहिल्या ओळीची सुरुवात 'मु. पो.'नेच करतात.